थंड हवेची मालकी आणि 'खाजगी' तळे

मुंबईच्या आसपासच्या डोंगरांचा इतिहास आपल्याला दोनच प्रकारे शिकवला जातो. एक शिवकालीन गडांचा आणि दुसरा इंग्रजांनी 'शोधून काढलेल्या' थंड हवेच्या ठिकाणांचा. या दुसऱ्या इतिहासात साहेब असतो, त्याचा बंगला असतो, बंगल्यासमोरचे तळे असते. तो साहेब ज्यांच्या खांद्यावरून वर गेला ते भोई, त्याचे पाणी भरणारे, त्याची घाण उचलणारे आणि त्याच्या आधीपासून त्या रानात राहणारे ठाकूर-कातकरी मात्र त्यात नसतात. असले तरी 'स्थानिक लोक' या दोन शब्दांत त्यांची बोळवण होते.

मी बदलापूरच्या शिरगावात राहतो. माझ्या घरापासून माथेरानच्या पायथ्याचे नेरळ स्टेशन लोकलने तिसरे. दुसऱ्या बाजूला १९७२ साली बांधलेले बारवी धरण. या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत 'तलावाकाठी दुसरे घर', 'निसर्गाच्या कुशीत खाजगी वसाहत' अशा जाहिरातींचे फलक जागोजागी उभे राहिले. ज्यांना पहिले घर नाही अशा माणसांच्या झोपड्याही त्याच फलकांच्या आडोशाला आहेत. म्हणून उन्हाळी विश्रांतीच्या या वसाहती मुळात कशा उभ्या राहिल्या, त्या कशा चालतात आणि 'खाजगी' या शब्दाला त्यांच्यात एवढे वजन का येते, हे समजून घेणे मला गरजेचे वाटते. चळवळीत काम करणाऱ्यांना आणि शिक्षकांना हा विषय चैनीचा वाटेल. मला तो तसा वाटत नाही. विश्रांती कोणाला आणि कष्ट कोणाला, हा जातिव्यवस्थेचा जुनाच प्रश्न आहे.

१. माथ्यावरचे रान

ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याने मे १८५० मध्ये माथेरान 'शोधले' असे सर्व मार्गदर्शक पुस्तिकांत छापलेले असते. चौक येथे त्याचा मुक्काम होता. तेथून तो डोंगर चढला, त्याला हवा आवडली, पुढे त्याने वर घर बांधले. १८५५ साली मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन वर आला आणि सरकारी मान्यतेची मोहोर उठली. मग साहेबांमागोमाग मुंबईचे धनिक आले. त्यात युरोपियन होते, पारशी होते, बोहरा आणि गुजराती व्यापारी होते. झाडीत एकेक बंगला, त्याभोवती ऐसपैस आवार, आणि मधोमध बाजारात दाटीवाटीने राहणारा सेवेकरी वर्ग, अशी त्या गावाची घडण झाली.

आता ज्या डोंगराला 'माथ्यावरचे रान' असे नाव आधीपासूनच होते, तो मॅलेटने शोधला म्हणजे काय केले? ज्यांनी नाव दिले त्यांना तो ठाऊक नव्हता काय? ठाकूर, कातकरी आणि धनगर त्या रानात ये-जा करीत होते, लाकूड, मध, चारा आणीत होते. 'शोध' म्हणजे येथे एवढेच की, जे रान वापरणाऱ्यांचे होते ते आता नकाशावर आले आणि वाटून देण्याजोगी जमीन ठरले. नावांकडे पाहिले तरी हे कळते. लुइझा, अलेक्झांडर, पॉर्क्युपाइन ही पॉइंटांची नावे आपण सहलीला गेलेल्या मुलांकडून पाठ करून घेतो. त्या कड्यांना ठाकरांच्या बोलीत काय म्हणत, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

माथेरानचे तळे म्हणजे शार्लट लेक. नाव साहेबी, पण तळ्याकाठी पिसारनाथाचे देऊळ आहे आणि तो देव तेथल्या लोकांचा जुना देव मानला जातो. डोंगरावर पाऊस धो धो पडतो आणि तितक्याच वेगाने उतारावरून वाहून जातो. बंगलेवाल्यांचा हंगाम नेमका एप्रिल-मेचा, म्हणजे पाण्याच्या टंचाईचा. तेव्हा पावसाळ्यातले पाणी बांध घालून अडवणे भाग होते. तळे हे प्रथम पाणीपुरवठ्याचे साधन होते, शोभेचे ते नंतर झाले. पुढे गाव वाढले, तळे पुरेना, म्हणून नेरळजवळ उल्हास नदीचे पाणी उचलून सुमारे अडीच हजार फूट उंचीच्या माथेरानवर चढवले गेले. उल्हास नदी आमच्या बदलापूरवरूनच वाहते. हे पाणी डोंगराच्या उतारावरून, तेथल्या वाड्यांना ओलांडून वर जाते. हंगामात पाहुण्याच्या न्हाणीघरात पाणी असते आणि उतारावरच्या वाडीतली बाई हंडा घेऊन झऱ्याकडे चालत असते. यंत्राला पाणी डोंगरावर चढवता येते. ते मध्येच वाडीवर थांबवायचे की नाही हे यंत्र ठरवत नाही, माणसे ठरवतात.

२. वसाहत चालते कशावर

उन्हाळी वसाहत कोठलीही घ्या, ती चार गोष्टींवर उभी असते: जमीन, वाट, पाणी आणि मजूर. यांतल्या पहिल्या तीन गोष्टींत सरकारचा हात असतो आणि चौथी गोष्ट जातिव्यवस्था पुरवते.

महाबळेश्वर पाहा. १८२८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींकडून ते गाव अदलाबदलीने इंग्रजांकडे आले आणि गव्हर्नर माल्कमच्या नावाने पेठ वसली. तेथला वेण्णा तलाव १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी पाण्यासाठी बांधवून घेतला. माथेरानची गोष्ट थोडी निराळी. आदमजी पीरभाई यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी आपल्या घरच्या पैशाने नेरळ-माथेरान ही दोन फुटी रूळांची गाडी १९०४ ते १९०७ या काळात बांधली. या उद्योगी माणसाचे कौतुक जरूर करावे. परंतु रूळ ज्या हातांनी दगड फोडून बसवले त्या हातांची नावे कोठे नोंदलेली नाहीत, हेही त्याच वेळी सांगावे.

गाडी येण्यापूर्वी नेरळहून वर जायचे तर तट्टू, पालखी किंवा खुर्ची. माणूस माणसाला वाहून नेई. गाडी आली तरी हे संपले नाही. माथेरानमध्ये मोटारीला बंदी, ४ फेब्रुवारी २००३ पासून तर ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. झाडांसाठी ही बंदी हितकारक आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु मोटार बंद म्हणून माणसाने माणूस ओढायचा, हा निष्कर्ष कोणत्या शास्त्रातून निघतो? तांबड्या मातीच्या चढावर प्रवासी बसलेली हातरिक्षा एक पुढे ओढतो, दुसरा मागून रेटतो, उतारावर तिला अडवून धरतो. या कष्टाला 'माथेरानची मजा' म्हणून छायाचित्रांत स्थान मिळाले.

ओढणाऱ्यांच्या बाजूनेच ई-रिक्षाची मागणी पुढे आली, ती न्यायालयापर्यंत गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक ई-रिक्षा सुरू झाल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा अमानुष ठरवली. ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करावी, ओढणाऱ्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करावे, आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही, असा आदेश दिला. संविधान लागू होऊन पंचाहत्तर वर्षे झाल्यावर हा आदेश द्यावा लागला. पावणेदोनशे वर्षे जे चालले ते कोणी लपवून ठेवले नव्हते. लाखो सुशिक्षित माणसे त्यात बसून गेली. डोळ्यांसमोरची गोष्ट न दिसण्याची ही सवय आपल्या समाजाला जातीनेच लावली आहे.

येथे एक युक्तिवाद हमखास येतो: 'या वसाहतींमुळे गरिबांना रोजगार मिळतो.' मिळतो, हे खरे. गावकीच्या कामातही महाराला भाकरी मिळत होती. प्रश्न भाकरी मिळते की नाही एवढाच नसतो. कोणते काम कोणाच्या वाट्याला येते, त्यातून बाहेर पडण्याची वाट आहे की नाही, आणि बापाने ओढले म्हणून मुलाने ओढावे लागते की नाही, हे प्रश्न त्याबरोबर विचारले पाहिजेत.

याच माथेरानमध्ये १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब न्हावी कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. ते वकील झाले, शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठी काढली, खेड्यांत शाळा चालवल्या, १९४२ साली आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात हिराजी पाटलांसह गोळीला बळी पडले. पाहुण्यांच्या दाढ्या करणाऱ्या समाजातून भाई कोतवाल निघाले. बंगल्यांची नावे सांगणाऱ्या वाटाड्यांनी हे नाव आधी सांगावे अशी माझी इच्छा आहे.

३. 'खाजगी' हा शब्द कोठून येतो

तळे आणि मालकी हे शब्द एकत्र आले की आपल्याला महाड आठवणे अपरिहार्य आहे. बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा तळे खुले करण्याचा ठराव १९२४ चा, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर दीडच महिन्याने, ३ मे १९२७ रोजी, ते आमच्या बदलापूरला शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष म्हणून आले होते. येथील लोकांनी ही तारीख विसरू नये.

महाडचा प्रसंग आपण सर्वजण सांगतो. पण त्यानंतरचा दावा फार थोडे सांगतात. सत्याग्रह पुन्हा होऊ नये म्हणून सवर्णांनी दिवाणी न्यायालयात धाव घेतली. तेव्हा केवळ 'धर्म बुडतो' असे म्हणून चालण्यासारखे नव्हते. न्यायालयात धर्मापेक्षा मालमत्तेची भाषा अधिक समजते. म्हणून त्यांनी मांडले की, हे तळे स्पृश्यांच्या खाजगी मालमत्तेच्या स्वरूपाचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे न येऊ देण्याची वहिवाट अनादि आहे. दहा वर्षे हा झगडा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले.

या दाव्यातून शिकण्यासारखे हे आहे की, विटाळाचा आधार डळमळू लागला की 'खाजगी' हा शब्द पुढे येतो. 'तू अस्पृश्य आहेस म्हणून येऊ नकोस' असे म्हणता येत नाही, तेव्हा 'हे आमचे स्वतःचे आहे' असे म्हटले जाते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तळ्याकाठच्या उन्हाळी वसाहती भरभराटीला आल्या. त्यांतल्या अनेक वसाहती काळ्यांना आणि ज्यूंना प्रवेश देत नसत. काही ठिकाणी जमिनीच्या खरेदीखतातच अट असे की, हा भूखंड गौरेतरास विकू नये. सरकारने केलेला कायदा असता तर त्याला आव्हान देता आले असते. पण हा खाजगी करार होता. १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असा करार दोघांनी आपखुशीने पाळला तर पाळो, परंतु न्यायालय त्याची अंमलबजावणी करून देणार नाही. कारण न्यायालयाने हात लावला की तो सरकारचा हात होतो.

मग काळ्या माणसांनी उन्हाळ्यात जायचे कोठे? मिशिगन राज्यात १९१२ साली आयडलवाइल्ड नावाची वसाहत तळ्याकाठी निघाली, खास काळ्यांसाठी. काढणारे मात्र गोरे जमीन-व्यापारी होते. लहानसा भूखंड पस्तीस डॉलरला, सहा डॉलर रोख आणि बाकी महिना एक डॉलर हप्त्याने. शल्यविशारद डॅनियल हेल विल्यम्स तेथे आले, विचारवंत डुबॉइस यांनी भूखंड घेतला. शिक्षक, कारकून, कामगार सुट्टीत येऊन मोकळेपणाने पोहू लागले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने इतर ठिकाणांची दारे उघडली आणि हळूहळू आयडलवाइल्ड ओस पडले. बहिष्कृतांनी आपल्यासाठी वेगळे तळे शोधावे, की सर्वांची तळी सर्वांना खुली करून घ्यावीत, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. महाडला आपण दुसरी वाट धरली होती.

४. धरणाचे पाणी, कंपनीचे गाव

स्वातंत्र्यानंतर गोरा साहेब गेला. वसाहतीची कल्पना राहिली, आणि पुढे तिला सरकारी धोरणाचे बळ मिळाले. १९९६ साली महाराष्ट्र शासनाने खाजगी कंपन्यांनी गिरिस्थाने वसवावीत यासाठी नियम केले. त्यातून मुळशी तालुक्यात मोसे खोऱ्यात वरसगाव धरणाच्या काठी लवासा हे तळ्याकाठचे शहर उभे राहिले. याच तालुक्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. ते धरण मुंबईच्या विजेसाठी होते. वरसगावचे धरण पुण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी, म्हणून सार्वजनिक प्रयोजनासाठी जमिनी गेल्या. त्यांतली काही जमीन नंतर पाटबंधारे महामंडळाने कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. कातकरी, धनगर आणि लहान शेतकऱ्यांनी जमिनी फसवून घेतल्याच्या तक्रारी केल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगीवाचून काम केल्याबद्दल नोटीस काढली, पुढच्या वर्षी अटींवर मंजुरी दिली. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीचा लिलाव करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१७ मध्ये द्यावा लागला, कारण तिच्या मालकांकडे लहान ठेवीदारांचे पैसे थकले होते.

या हकिकतीत भ्रष्टाचार किती हा प्रश्न वकिलांचा आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पाण्याचे रूपांतर. खोऱ्यातल्या शेतकऱ्याची जमीन 'सार्वजनिक' हितासाठी म्हणून घेतली जाते. धरण झाल्यावर त्याच पाण्याचा काठ 'खाजगी' होतो. सार्वजनिक हा शब्द घेताना वापरायचा आणि खाजगी हा शब्द देताना, अशी ही रीत आहे.

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून अटकाव करता येणार नाही असे म्हटले आहे. महाडचे पाणी या कलमात उतरले आहे असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. परंतु या कलमाची मर्यादाही सांगतो. तलाव संपूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशावर राखलेला असला किंवा सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी समर्पित असला, तरच हे कलम त्याला लागू पडते. म्हणून तळे सार्वजनिक आहे की खाजगी, यावर सारे अवलंबून असते. तेथे जात विचारावी लागत नाही. फाटक, पहारेकरी, सभासदत्व आणि दर एवढे पुरते. आणि जेथे उघड विचारायची असते तेथेही वाट आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, घर पारशालाच विकावे हा पोटनियम, संस्था-स्वातंत्र्याच्या आधारे वैध ठरवला. अल्पसंख्य पारशांची भीती मी समजू शकतो. परंतु त्याच आधारावर बहुसंख्य सवर्ण काय करू शकतात, याचा विचार आपण केला पाहिजे.

५. रजा हा हक्क की मालमत्ता

'मग तुम्हाला काय हवे? सर्वांनी झोपड्यांतच राहावे?' असे कोणी विचारील. नाही. विश्रांती हवीच, आणि ती सर्वांना हवी. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादावर टीका करताना हाच मुद्दा मांडला होता. माणूस आणि पशू यांत फरक पडतो तो संस्कृतीने, आणि संस्कृतीला फुरसत लागते. म्हणून यंत्राने वाचवलेला वेळ सर्वांना मिळाला पाहिजे. हे त्यांनी नुसते लिहिले नाही. मजूर खात्याचे मंत्री असताना १९४५ साली कारखान्यातील कामगारांना पगारी रजा देणारी दुरुस्ती झाली आणि १९४६ साली आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. विश्रांती ही विकत घेण्याची वस्तू नसून मागण्याचा हक्क आहे, हा त्यामागचा विचार होता. बंगल्याची विश्रांती भोयाच्या श्रमावर उभी असते. पगारी रजेची विश्रांती भोयालाही मिळते.

आज आपल्यातलाही शिकलेला, नोकरीत स्थिरावलेला वर्ग तळ्याकाठचे दुसरे घर घेऊ लागला आहे. मी त्याची निंदा करणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना सावली नव्हती त्यांनी थंड हवा खाल्ली तर कोणाचे पोट दुखण्याचे कारण नाही. पण फाटकातून आत गेल्यावर फाटक विसरून चालणार नाही.

कारण फाटकाबाहेरच्या माणसाची स्थिती आपण १९ जुलै २०२३ च्या रात्री पाहिली. माथेरानच्या त्याच डोंगररांगेत, मॅलेट जेथून चढला त्या चौकच्या वर, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे बेपत्ता म्हणूनच राहिली आणि शोध थांबवण्यात आला. वाडीला जायला गाडीरस्ता नव्हता. मदत करणारे आणि यंत्रे पायवाटेशी अडली. खाली मोरबे धरणाचे पाणी पसरले होते. ते नवी मुंबईला जाते. एका डोंगरावर पाहुण्यांसाठी १९०७ साली आगगाडी पोहोचली आणि त्याच्या शेजारच्या डोंगरावर २०२३ साली रुग्णवाहिका पोहोचू शकली नाही. उतार दोन्हीकडे तितकाच अवघड आहे.

तेव्हा या भागातल्या कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या परिसरातल्या प्रत्येक तळ्याचा आणि धरणाचा सातबारा, भूसंपादनाचे कागद आणि भाडेपट्टे माहितीच्या अधिकारात मागावेत. काठ कोणाच्या नावावर आहे आणि बांध कोणाच्या पैशाने बांधला हे लिहून ठेवावे. राज्याचा पैसा सिद्ध झाला की कलम १५(२) लागू करण्याची मागणी करता येते. दुसरी, वाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून डोंगरांची, झऱ्यांची, वाटांची त्यांच्या बोलीतली नावे उतरवून घ्यावीत. ही नावे म्हणजे त्यांच्या वहिवाटीचा पुरावा असतो. तिसरी, शाळेची सहल माथेरानला जाईल तेव्हा ती एका वाडीवरही न्यावी, आणि मुलांना एवढेच विचारावे की, येथले पाणी कोठून येते आणि कोठे जाते. उत्तर शोधायला मुलांना वेळ लागेल. तो त्यांना द्यावा.